नांदेड रोड नाक्यावरचे चाळीस रेडिओ

७ फेब्रुवारी १९८३, सोमवार

डायरी गेल्या सालची आहे. बसस्टँडवरच्या दुकानदारानं निम्म्या किमतीत दिली. तारखा त्याच, वार तेवढा खोडून एकानं पुढं सरकवायचा, झालं. प्यायला पाणी मिळत नाही तिथं नवी डायरी कोण घेतो?

लिहायचं कारण आमचे जकात अधीक्षक वसंतराव साहेब. आज कचेरीत बोलावून म्हणाले, “केरबा, तुमच्याविरुद्ध तीन अर्ज आलेत. लोक म्हणतात, नाक्यावर विचारलेल्याला तुम्ही उत्तर देत नाही. रोजचं रोज लिहून ठेवत चला, उद्या चौकशी लागली तर कामी येईल.” साहेबांचा आवाज खणखणीत. इतका स्वच्छ बोलणारा अधिकारी उभ्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

तर लिहितो. मी केरबा सूर्यतळ, वय एकोणपन्नास, बोरवंड नगरपालिकेच्या नांदेड रोड नाक्यावरचा जकात कारकून. बाहेरून गावात येणारा माल थांबवायचा, दरपुस्तकात त्याचा वर्ग काढायचा, पावती फाडायची, मग आमचा शिपाई गुंडप्पा दांडा उचलतो. नोकरीला अठरा वर्षं झाली. पावतीत खाडाखोड एकदाही नाही.

आता अर्जांचं. मला कुणी विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, असं कधीच झालेलं नाही. खरी गोष्ट अशी की लोक विचारतच नाहीत, नुसते ओठ हलवतात. दोन वर्षं धड पाऊस नाही. घशाला कोरड, पोटात आग, आवाज निघणार कुठून? याच नाक्यावर पूर्वी ड्रायव्हर लोक कसे गरजायचे! आता मुकाट गाडी लावतात आणि वर माझ्यावरच डोळे वटारतात. दुष्काळानं माणसाचा आवाज नेला, त्यावर कुणी अर्ज करत नाही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

आज टँकरचं प्रकरण झालं.

दहाच्या सुमारास सरकारी टँकर आला. नवा ड्रायव्हर, आणि दारावर जुन्या जिल्ह्याचं नाव. आम्ही ऑगस्टपासून नव्या जिल्ह्यात आलो, टँकर अजून जुन्यातच. सरकारी मालाला माफी आहे हे मला कळतं, पण कोणत्या जिल्ह्याच्या सरकारी मालाला? कागद मागितला, कागद नाही. पुस्तकात पाणी शोधलं तर “सोडा, लिंबू व तत्सम, बाटलीबंद” एवढंच. सुट्या पाण्याचा वर्गच नाही. वीस मिनिटं शांतपणे पानं चाळली. मागं चाळीस-पन्नास बाया घागरी घेऊन उभ्या होत्या, पण इतक्या समजूतदार की एक शब्द नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं.

एवढ्यात गुंडप्पानं आपल्या मनानंच दांडा उचलला. मी विचारलं, “कुणाच्या हुकमानं?” तर म्हणतो, “धा डाव इचारलं की साहेब, उचलू का, उचलू का. तुमी काईच बोलंनात, मी समजलो हाव म्हनून. आन त्या बाया काय काय बोलू लागल्या, अय्यो, माज्या कानाला भोकं पडली!” गुंडप्पा निलंग्याकडचा, नोकर इमानी, पण तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे.

घरी आलो तर पारूचा अबोला. तीही रांगेत होती म्हणे. म्हणाली, “तीन-तीन हाका मारल्या तरी उठत न्हाईत, तुमाला काय सांगावं!” मी म्हटलं, “एक तरी मारून बघ.” त्यावर कपाळावर हात मारून घेतला.

हल्ली ती बोलतच नाही फारशी. गात तर मुळीच नाही. लग्न झाल्यापासून ही बाई निवडता-टिपता, झाडता-लोटता गात असायची. कधीतरी गेल्या सालात ते बंद पडलं. मला लई वाईट वाटतं, पण विचारायची हिंमत होत नाही. पाणी नाही तिथं गाणं कुठून येणार?

रेडिओ मात्र मी नेमानं लावतो. सातच्या बातम्या आमच्या रेडिओवर सगळी आळी ऐकते, कुणी आपला लावतच नाही. तेवढंच आपल्या हातून लोकांच्या कानावर ज्ञान.

१९ फेब्रुवारी, शनिवार

नांदेडाहून आलेल्या एसटीच्या टपावरून एक लाकडी खोकं उतरलं. पत्ता: मूकबधिर विद्यालय, बोरवंड. पाठवणारी मुंबईची कुठलीशी धर्मादाय संस्था. कागदावर “हिअरिंग एड, नग चाळीस.”

खोकं फोडलं. आत चाळीस पुठ्ठ्याच्या डब्या. एकेकीत काडेपेटीहून थोडी मोठी पत्र्याची पेटी, खिशाला अडकवायचा चिमटा, एक ते पाच आकड्यांचं बटण, लांब वायर आणि टोकाला कानात घालायचं बोंडूक. सेल वेगळे.

गुंडप्पा म्हणाला, “ट्रान्झिस्टर हाय साहेब. बारका.”

दिसतंय तर तसंच. सेल लागतो, वायर आहे, बटण आहे. वर्ग ३१: रेडिओ, ट्रान्झिस्टर व त्यांचे सुटे भाग. स्टेशन लावायचं चाक मात्र सापडलं नाही. म्हणजे नादुरुस्त रेडिओ, नाहीतर सुटे भाग. दोन्ही वर्ग ३१ मध्येच बसतात, त्यामुळं अडचण नाही.

पावती लिहायला घेतली तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका सौदामिनीबाई आल्या. पस्तिशीच्या, अंगानं किरकोळ, पण नाकावर राग. “अहो, हे रेडिओ नाहीत. ऐकू न येणाऱ्या मुलांची श्रवणयंत्रं आहेत. अपंगांच्या साधनांना जकात माफ आहे, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय.”

मला पुस्तक शिकवता? वर्ग ५७ काढून समोर धरला: “कुबड्या, लाकडी पाय, तीनचाकी, आंधळ्यांच्या काठ्या व पुस्तके.” म्हटलं, “यात बहिरा हा शब्द दाखवा.” नव्हताच, तर कुठून दाखवणार? मी समजावून सांगितलं: लंगड्याचं लंगडेपण दिसतं, आंधळ्याचं आंधळेपण दिसतं, बहिऱ्याचं काय दिसतं? धडधाकट माणूस! ज्याला चालता येतं, बघता येतं, दोन वेळा जेवता येतं, तो कसला अपंग?

बाई लालबुंद झाल्या. मी म्हटलं, रक्कम काही फार नाही, वर्ग ३१ खाली भरून टाका आणि न्या. तर म्हणाल्या, “प्रश्न रकमेचा नाही, पावतीवरच्या शब्दाचा आहे. एकतीस मार्चच्या आत समाजकल्याणचे साहेब शाळा तपासायला येणार. दर मुलामागं एक यंत्र आणि त्याची पावती, तरच मान्यता. नाहीतर शाळा बंद आणि चाळीस मुलं परत आपापल्या गावी, गुरांमागं. पावतीवर तुम्ही रेडिओ लिहिलंत तर साहेब काय विचारतील? बहिऱ्यांच्या शाळेत चाळीस रेडिओ कशाला?”

हा प्रश्न बिनतोड आहे, हे मी कबूल केलं. पण पुस्तक ते पुस्तक. खोक्यावर “शंकास्पद माल” अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवलं.

२१ फेब्रुवारी, सोमवार

गुंडप्पा सकाळपासून मागं लागला होता. “द्या की सोडून साहेब, लेकराचा माल हाय.”

त्याला काय सांगणार. माझा आजा मुखेडकडच्या एका खेड्यात वेसकर होता. थंडीवाऱ्यात वेशीवर उभा, हातात काठी. आल्या-गेल्याला नाव विचारायचं, आणि ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं शिळा तुकडा टाकायचा. ज्याची मर्जी नसेल त्यानं शिवी टाकायची. मीही वेशीवरच आहे. पण मी खुर्चीवर बसतो आणि माझ्यापुढं पुस्तक असतं. अडत्याचा ट्रक असो नाहीतर म्हातारीची पाटी, पुस्तक सगळ्यांना एकच. एकदा का कुणाचं तोंड बघून दांडा उचलला, की मी परत आजाच्या जागी उभा. बाईंची तळमळ मला कळत नाही असं नाही. पण तळमळीचा वर्ग पुस्तकात नाही.

४ मार्च, शुक्रवार

वर मार्गदर्शन मागवलं होतं. पुस्तक छापलं जुन्या जिल्ह्यानं, म्हणून पहिलं पत्र तिकडं. उत्तर आलं: “आपले गाव या जिल्ह्यात राहिलेले नाही.” मग गुंडप्पाला पत्र देऊन नव्या जिल्ह्याला लातूरला धाडलं. तो संध्याकाळी तेच पत्र घेऊन परत. एका खोलीत एक माणूस स्टुलावर बसला होता म्हणे. त्यानं पत्र वाचलं, उलटून बघितलं आणि म्हणाला, “तुमची फाइल आमच्याकडं आली की उत्तर देऊ. जुन्या जिल्ह्याहून निघाली आहे.”

म्हणजे बोरवंड सध्या कुणाचंच नाही. अशा वेळी माणसानं पुस्तक सोडलं तर उरलं काय?

९ मार्च, बुधवार

बाई आज एका मुलीला घेऊन आल्या. रुद्राणी नाव, वय सात, बाप रोजगार हमीवर खडी फोडतो. मुलगी लई गुणाची. समोरच्याच्या तोंडाकडं सरळ बघते, हल्लीच्या पोरांना ही रीत नाही. मीही माणसाच्या तोंडाकडंच बघतो, त्यामुळं आमचं लगेच जमलं. तिनं कपाटाकडं बोट केलं, मग आपल्या कानाकडं, मग हात पसरला. मी पुस्तक पुढं केलं. तिनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि मान हलवून परत दिलं. बाईंपेक्षा पोरीला समज जास्त.

बाई म्हणाल्या, “बहिरेपण दिसत नाही म्हणता ना? दाखवते.” गुंडप्पाच्या डब्यातली थाळी आणि पळी मागून घेतली. मुलीला माझ्या टेबलाशी उभं केलं, दोघांची तोंडं रस्त्याकडं, आणि स्वतः मागं गेल्या. मागं थाळी वाजवायची आणि मुलगी वळत नाही हे मला दाखवायचं, असा बेत.

मी वाट बघत बसलो. बराच वेळ झाला तरी काही नाही. समोर रस्त्यावर एक बैल उगीचच उधळला आणि गाडी नालीत घातली. शेवटी कंटाळून मागं वळलो तर गुंडप्पा दोन्ही कानांवर हात ठेवून उभा आणि बाईंच्या हातात थाळी तशीच.

मी म्हटलं, “हं, वाजवा आता.”

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठं गेला. मग थाळी खाली ठेवली, मुलीचा हात धरला आणि गेल्या. इतकी तयारी करून न वाजवताच गेल्या! माझा मुद्दा पटला असावा.

१५ मार्च, मंगळवार

बाई भलत्याच नरमल्या आहेत. आता समोर स्टूल घेऊन बसतात, तोंड माझ्याकडं करून एकेक शब्द सावकाश बोलतात. याला म्हणतात सभ्यता. तीन अर्ज करणाऱ्यांनी यांच्याकडून शिकावं.

त्या दिवशी नाक्यावरून त्या थेट आमच्या घरी गेल्या होत्या म्हणे. पारूशी काय बोलल्या ठाऊक नाही, पण तिचे डोळे लाल दिसले. ओलं सरपण असेल.

आज बाईंनी एक गोष्ट विचारली. “केरबाजी, मालाचा वर्ग ठरत नसेल तर काय करायचं याचा काही नियम असेल ना?” आहे की! नियम १४: “शंकास्पद माल नाका कारकुनाने अधीक्षकांसमक्ष स्वतः वापरून पाहावा व शेरा लिहावा.” याच नियमाखाली मी एकदा एका वैदूचं चूर्ण वापरून बघितलं होतं. खाद्यपदार्थ की औषध, असा वाद होता. वर्ग ठरला, दोन दिवस रजा पडली.

बाई म्हणाल्या, “मग वापरून बघा. माझं तेवढंच मागणं आहे.”

हे मला आधी कसं सुचलं नाही? वसंतराव साहेबांना कळवून बावीस तारीख ठरवली. कसोटीही आजच लिहून, सही करून ठेवली, म्हणजे मागाहून कुणी बोट ठेवायला नको. ती अशी: रेडिओ सगळ्यांनाच ऐकायला बरा वाटतो. कुबडी मात्र धडक्या पायाच्या माणसाला अडचणच करते, लंगड्यालाच कामाला येते. तेव्हा धडक्या कानाच्या दोन माणसांना, म्हणजे मला आणि गुंडप्पाला, मशीन लावावं. दोघांना बरं वाटलं तर रेडिओ, दोघांना त्रास झाला तर साधन.

२२ मार्च, मंगळवार

साहेब अकराला आले. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या.

आधी गुंडप्पा. सेल घातला, बोंडूक कानात, बटण चारवर. तेवढ्यात बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. “अय्यो मेलो रे!” म्हणून गुंडप्पा उडालाच. मशीन काढून टेबलावर फेकलं आणि कान चोळत पायरीवर जाऊन बसला. मी लिहिलं: त्रास.

मग मी. तेच मशीन, तोच आकडा.

काय लिहू. आधी वाटलं, खोलीत कुणीतरी कागद चुरगाळतंय. माझ्याच हाताखालचा कागद होता तो. मग बाहेरच्या लिंबाचा पाला ऐकू आला. गुंडप्पाचं कण्हणं ऐकू आलं. पत्र्यावर चिमण्या होत्या. या दुष्काळात चिमण्या राहिल्यात, हेच मला माहीत नव्हतं.

साहेब म्हणाले, “काय केरबा, कसं वाटतं?” मी दचकून म्हटलं, “साहेब, ओरडता कशाला?”

साहेब खुर्चीत बसले. मग अगदी हळू म्हणाले, आणि मला ते ऐकू आलं, “दोन वर्षं झाली केरबा, तुमच्याशी मी असाच ओरडून बोलतोय. माझा घसा बसला.”

मी काही बोलणार तेवढ्यात बाहेरून गाणं आलं. उठून दारात गेलो. लिंबाखाली पारू बसली होती. शेजारी माझा डबा, पदरात रेशनची ज्वारी. खडे निवडत होती आणि गात होती.

गुंडप्पाला विचारलं, “ही कधीपासून गाते?”

“रोजच की साहेब. डबा घिऊन आल्या की हितंच बसून गातेत. ट्रकवाले मुद्दाम थांबतेत.”

किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग मशीन काढलं. पारूचे ओठ हलत राहिले आणि गाणं बंद झालं. परत घातलं, गाणं सुरू. परत काढलं, बंद. असं चार वेळा करून बघितलं. डब्या मोजल्या, चाळीस भरल्या, कपाटाला कुलूप लावलं. शेरा उद्या लिहितो म्हणालो.

२३ मार्च, बुधवार

शेरा लिहिला नाही.

एका माणसाला त्रास, एकाला उपयोग. कसोटी मीच लिहिली, खाली सही माझीच. यातून वाट नाही, आणि लाज वाटते. त्या टँकरच्या बाया! मी त्यांचं कौतुक केलं होतं. आता कळलं त्या काय म्हणत असतील. आणि ती थाळी. गुंडप्पाला विचारलं, वाजवली होती का? म्हणाला, “फुटायची राहिली साहेब. बैल तेच्यानंच उधळला.” मला हसू आलं, आणि मग हसताहसता रडू आलं. एकोणपन्नास वर्षांचा घोडा, कपाटामागं तोंड लपवून रडलो.

दुपारी वसंतराव साहेब आले. जवळ बसून म्हणाले, “हे बघा, दोघांनाही त्रास झाला असं लिहा. साधन ठरतं, माल माफ होतो, पोरांचं काम होतं आणि तुमचंही झाकलं जातं. खरं लिहिलंत तर मला तुम्हाला नाक्यावर ठेवता येणार नाही. डॉक्टरचा दाखला मिळेपर्यंत रेकॉर्ड रूम.”

साहेब भले माणूस. रेकॉर्ड रूमला खिडकी नाही, दांडा नाही. आजाची वेस सोडून मी तिथं वाळवीशेजारी बसायचं?

संध्याकाळी पारूला सगळं सांगितलं. ती समोर येऊन बसली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं केलं आणि म्हणाली, “मला ठावं हाय. दीड वर्ष झालं. तुमाला वाईट वाटंल म्हनून गप बसले.” म्हणजे उभ्या गावाला ठाऊक होतं, एक माझ्याशिवाय.

२४ मार्च, गुरुवार

शेरा लिहिला. डायरीत उतरवून ठेवतो.

“नियम १४ प्रमाणे माल वापरून पाहिला. धडक्या कानाच्या माणसास (गुंडप्पा, शिपाई) मशीन दिले असता त्याने फेकून दिले. बहिऱ्या माणसास (केरबा सूर्यतळ, कारकून) दिले असता त्याने परत ठेवण्यास टाळाटाळ केली. करिता माल रेडिओ नसून अपंगांचे साधन आहे. वर्ग ५७. माफ. तरी सदर वर्गात बहिरा हा शब्द नाही, तो घालण्यात यावा. बहिरेपण दिसत नाही, विशेषतः बहिऱ्यास.”

साहेबांनी दोनदा वाचलं. “खोडायचं असेल तर अजून वेळ आहे.” मी म्हटलं, “अठरा वर्षांत खाडाखोड केली नाही साहेब. आणि मी खोटं लिहिलं तर पोरांचं खोकं सुटेल, पण शब्द पुस्तकात जाणार नाही. पुढच्या खोक्याला परत रेडिओच.” साहेबांनी सही केली. मग स्वतःचं शाईचं पेन काढून, पुस्तकात वर्ग ५७ च्या ओळीशेवटी लिहिलं: “बहिऱ्यांची श्रवणयंत्रे.” खाली तारीख, शिक्का.

सौदामिनीबाईंना पावती दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि एक डबी माझ्यापुढं ठेवली. “एक राहू द्या तुमच्याकडं. आम्ही सांभाळून घेऊ.”

मी ताडकन उभा राहिलो. “बाई! नाक्यावरच्या मालातून कारकुनानं नग ठेवून घेणं याला लाच म्हणतात. उचला ती!” बाई हसल्या, मग डोळे पुसले, मग परत हसल्या. डबी उचलली.

गुंडप्पानं दांडा उचलला. त्याला मी हुकूम दिला होता, तोंडाकडं बघून, पहिल्याच विचारण्याला.

२९ मार्च, मंगळवार

शाळेची तपासणी झाली. मी आजपासून रेकॉर्ड रूमला, त्यामुळं जाता आलं नाही. बाईंनी चिठ्ठी पाठवली. समाजकल्याणच्या साहेबांनी मुलं मोजली, यंत्रं मोजली, पावती वाचली. शेरा वाचून चष्मा पुसला म्हणे. मान्यता मिळाली.

खाली लिहिलंय: “रुद्राणीच्या मागं थाळी वाजवली. ती गर्रकन वळली. मग थाळी तिनंच घेतली आणि दुपारपर्यंत सोडली नाही. साहेब लवकर गेले त्याचं कारण तेच.”

८ एप्रिल, शुक्रवार

पारूला घेऊन नांदेडला गेलो. डॉक्टरनं कान तपासले, दाखला दिला: “यंत्रासह कामास योग्य.” माझं मशीन घेतलं, रीतसर. खिशाला चिमटा, कानात बोंडूक. दुकानदारानं बटण तीनवर ठेवलं.

येताना एसटीत आख्खा प्रवासभर पारू बोलत होती. दीड वर्षाचं साठलेलं. मधेच म्हणाली, “काय हो, दमलात का ऐकून?” खरं तर थोडा दमलो होतो. पण बटणाला हात लावला नाही.

नाक्यावर गाडी थांबली. माझ्या खुर्चीवर बदली कारकून शिवप्पा बसला होता. मी खाली उतरलो आणि टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

“माल आहे.”

शिवप्पा म्हणाला, “साहेब, कानातलंय ते. जावा की घरी.”

“बाहेरून गावात येतंय ना? मग माल. पुस्तक उघड. वर्ग ५७, शेवटचे शब्द शाईनं लिहिलेत.”

बिचाऱ्यानं पुस्तक उघडलं. माफीची पावती लिहायला घेतली: नाव, केरबा सूर्यतळ. माल, श्रवणयंत्र, नग एक. त्याचं अक्षर लई सावकाश. मागं एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न धरून ठेवला. खिडक्या-खिडक्यांतून लोक ओरडू लागले. मी सगळं स्वच्छ ऐकलं. दोन वर्षांत गावात बऱ्याच नव्या शिव्या आल्यात. एक जण तर माझ्या आजापर्यंत गेला. मी वळून त्याला हात जोडले, आणि पावती नीट वाचून घेतली. खाडाखोड नव्हती. घडी घालून दाखल्याबरोबर खिशात ठेवली. सोमवारी दाखला आणि पावती साहेबांपुढं ठेवायची आणि खुर्ची परत मागायची.

पारूनं खिडकीतून हाक मारली, “अहो, या की आता!”

पहिल्याच हाकेला चढलो.